भट्टीतलं वातावरण आणि स्टीलची हीट ट्रीटमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हीट ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे स्टील तापवून-थंड करून त्याचा कडकपणा बदलण्याच्या कामात, नवीन आलेले ऑपरेटर, टूलरूमवाले, डिझाइनवाले, आणि जॉब (भट्टीत घातलेला भाग) मऊ निघाला म्हणून वैतागलेले कस्टमर, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. टेंपरेचरबद्दल सगळे बोलतात पण भट्टीत गॅस कुठला आहे आणि तो स्टीलचं काय करतोय हे फार कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते निम्मी दुखणी तिथेच असतात. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

भट्टीत गॅस सोडायचाच कशाला? नुसती हवा असली तर काय बिघडतं?

दोन गोष्टी बिघडतात आणि लोकांना त्यातली एकच दिसते. दिसते ती स्केल, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडची खपली. साधारण ५७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की वुस्टाइट नावाचा ऑक्साइड तयार व्हायला लागतो आणि तिथून पुढे खपली झपाट्याने वाढते, ८५०-९०० ला तासभर ठेवलेला जॉब हवेत पार खवल्यांसारखा होऊन निघतो. माप जातं, फिनिश जातं, क्वेंचला (तापलेला जॉब झटकन थंड करताना) खपलीखाली थंडावा नीट पोचत नाही म्हणून कुठे कडक कुठे मऊ असंही होतं.

न दिसणारी गोष्ट म्हणजे डिकार्ब, आणि ती जास्त वाईट आहे. गरम स्टीलमधला कार्बन बाहेर येऊन ऑक्सिजन, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड यांच्याशी रिअ‍ॅक्शन करून गॅस होऊन निघून जातो. खपली शॉट ब्लास्टने काढता येते, गेलेला कार्बन ब्लास्टने परत येत नाही.

डिकार्ब झाला तर नक्की नुकसान काय? वरचा पातळ थरच तर जातो ना?

वरचा थरच तर कामाचा असतो! वाकवताना किंवा पिळताना सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावर येतो, घासलं जातं तेही पृष्ठभागच, फटीग क्रॅक सुरू होतो तोही तिथूनच. स्प्रिंगवर अगदी थोडा डिकार्ब असला तरी आयुष्य बरंच कमी होतं कारण मऊ थर ताण सहन करत नाही, शिवाय क्वेंचमध्ये कमी कार्बनचा थर आतल्या भागाच्या आधी मार्टेन्साइट (क्वेंचने होणारी कडक रचना) होऊन बसतो आणि आतला भाग नंतर फुगतो, त्यामुळे वरचा थर ओढीत राहतो म्हणजे टेन्साइल स्ट्रेस राहतो. बोल्टच्या आट्यांवर डिकार्ब असला तर आटे घसरतात, म्हणून आयएसओ ८९८-१ या बोल्टच्या स्टँडर्डमध्ये आट्यांवरच्या डिकार्बला मर्यादा घातलेली आहे.

तपासायचं कसं, तर जॉब आडवा कापून, माउंट आणि पॉलिश करून, नायटलने (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) एच करून मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि मायक्रो हार्डनेस कडेपासून आत घेत जायचा, ३०० ग्रॅम लोडला म्हणजे विकर्सच्या एचव्ही ०.३ ला. रॉकवेल सी वर विश्वास ठेवू नका, त्याचा डायमंड पातळ मऊ थर फोडून सरळ आत जातो आणि आकडा चांगला दाखवतो. फाइल टेस्ट जुनी पद्धत आहे पण शॉपवर झटपट शंका आली तर कानस मारून बघण्यात काही चूक नाही, कानस चावली की समजायचं वरचा थर मऊ आहे.

मग नायट्रोजन भरला की झालं ना? नायट्रोजन तर निष्क्रिय आहे

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. चांगल्या प्रतीचा नायट्रोजन स्वतः साध्या स्टीलला काही करत नाही हे खरं, पण तो स्टीलचं रक्षणही करत नाही, तो फक्त जागा भरतो. भट्टीत दाराच्या फटीतून, फॅनच्या शाफ्टमधून, थर्मोकपलच्या ग्लँडमधून थोडी हवा येतेच, विटांमधून ओलावा सुटतो, जॉबवरचं तेल-पाणी सुटतं, आणि या सगळ्याला उत्तर द्यायला नायट्रोजनमध्ये काहीच नसतं. हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइड असेल तर ते आलेला ऑक्सिजन खाऊन टाकतात, नायट्रोजन बघत बसतो.

त्यातून पीएसए प्लांटचा (जागेवरच हवेतून वेगळा केलेला) नायट्रोजन असेल तर त्यातच किती ऑक्सिजन उरलाय ते बघा, अर्धा टक्का ऑक्सिजन म्हणजे ५००० पीपीएम, गरम स्टीलला तेवढा भरपूर झाला. कमी कार्बनच्या स्टीलचं अ‍ॅनिलिंग (तापवून मऊ करणं) करताना नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून छान काम होतं. पण ०.४ किंवा ०.६ टक्के कार्बनचं स्टील हार्डन करायचं असेल तर वातावरणात कार्बनचा समतोल राखणारा कुणीतरी लागतोच.

कार्बन पोटेन्शियल म्हणजे काय हो, साध्या भाषेत?

शुद्ध लोखंडाची पातळ पत्री त्या गॅसमध्ये त्या टेंपरेचरला भरपूर वेळ ठेवली तर शेवटी तिच्यात जितका टक्का कार्बन येऊन थांबेल, तो आकडा म्हणजे त्या गॅसचं कार्बन पोटेन्शियल, शॉपच्या भाषेत सीपी. गॅसचं सीपी ०.४ आणि स्टील ०.४ टक्क्यांचं, तर देणंघेणं बरोबरीत, पृष्ठभाग आहे तसा राहतो, याला न्यूट्रल हार्डनिंग म्हणतात. गॅस ०.४ चा आणि स्टील ०.६ चं तर स्टीलमधून कार्बन जाणार. गॅस १.० चा आणि स्टील ०.२ चं तर स्टील कार्बन घेणार, तेच कार्बुरायझिंग.

म्हणजे एकच भट्टी, एकच गॅस, आणि तोच गॅस एका जॉबचा कार्बन काढतोय तर दुसऱ्या जॉबला देतोय. म्हणून 'चांगलं वातावरण' असं काही एकच नसतं, कुठल्या स्टीलसाठी आणि किती टेंपरेचरला ते सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. वेगवेगळ्या ग्रेडचे जॉब एका बॅचमध्ये घालणाऱ्यांनी हे फार गांभीर्याने घ्यावं.

एक बारकावा राहिला, अलॉय स्टीलमध्ये क्रोमियम कार्बनला धरून ठेवतो आणि निकेल, सिलिकॉन ढकलतात, त्यामुळे पत्रीचा आकडा आणि खऱ्या स्टीलचा आकडा तंतोतंत जुळत नाही, थोडी दुरुस्ती करावी लागते.

एंडोगॅस कसा बनतो?

एंडोगॅस म्हणजे भट्टीत कार्बन सांभाळायला सोडतात तो मोनॉक्साइड-हायड्रोजनवाला गॅस. नॅचरल गॅस किंवा प्रोपेन आणि अगदी कमी हवा, इतकी कमी की नीट जळणारच नाही, असं मिश्रण साधारण १०४० अंशांच्या आसपास तापवलेल्या रिटॉर्टमधून (बंद नळकांड्यातून) निकेल कॅटॅलिस्टवरून पाठवतात. ही रिअ‍ॅक्शन स्वतःच्या उष्णतेवर चालत राहत नाही, बाहेरून उष्णता द्यावी लागते म्हणून एंडोथर्मिक. नॅचरल गॅससाठी हवा-गॅसचं प्रमाण अडीचच्या आसपास, प्रोपेनसाठी सव्वासातच्या आसपास.

नॅचरल गॅसपासून बनवला तर साधारण २० टक्के कार्बन मोनॉक्साइड, ४० टक्के हायड्रोजन, ४० टक्के नायट्रोजन मिळतो. प्रोपेनपासून बनवला तर मोनॉक्साइड २४ च्या जवळ, हायड्रोजन ३१-३२, बाकी नायट्रोजन. हा फरक लक्षात ठेवा, खाली ऑक्सिजन प्रोबच्या प्रश्नात तो परत येणार आहे आणि तिथे तो महाग पडतो.

जनरेटरमधून निघालेला गॅस झटकन ३०० अंशांच्या खाली थंड करायचा. हळूहळू थंड केला तर साधारण ७०० ते ४८० च्या पट्ट्यात मोनॉक्साइड फुटून त्याचा कार्बन आणि डायऑक्साइड होतो, म्हणजे पाइपात काजळी आणि गॅसचं गणित बिघडलेलं. जनरेटरचा कूलर चोंदलाय का, त्याचं पाणी नीट फिरतंय का हे म्हणूनच रोज बघायचं असतं.

जनरेटर आधी चांगला चालायचा, आता ड्यू पॉइंट वर-खाली होतो. काय झालं असेल?

ड्यू पॉइंट म्हणजे गॅसमध्ये वाफ किती ते सांगणारा आकडा, खाली सविस्तर येईल. आधी कॅटॅलिस्टकडे बघा. कच्च्या गॅसमध्ये सल्फर असेल तर निकेल हळूहळू मरतं, आणि मिश्रण फार रिच (गॅस जास्त, हवा कमी) चालवलं तर कॅटॅलिस्टवर काजळी बसते. दोन्हीत न फुटलेला मीथेन गॅसमध्ये वाढलेला दिसतो, एरवी तो अर्ध्या टक्क्याच्या आत राहायला हवा. काजळी असेल तर बर्नआउट करायचा, टेंपरेचर आधी उतरवून मग थोडी थोडी हवा सोडून, नाहीतर काजळी इतक्या जोरात जळते की कॅटॅलिस्ट आणि रिटॉर्ट दोन्ही जातात. बर्नआउट करूनही मीथेन उतरत नसेल तर कॅटॅलिस्ट बदला, उगाच हवेचं प्रमाण कमी-जास्त करून ड्यू पॉइंट जुळवत बसू नका. आकडा जुळेल पण न फुटलेला मीथेन भट्टीत जाऊन फुटेल आणि मग काजळी तिथे.

आणि हो, मिक्सरचा हवेचा फिल्टर. साधी गोष्ट आहे, पण तो चोंदला की हवा कमी होते आणि सगळं रिच होत जातं.

नायट्रोजन-मिथेनॉल सिस्टीम चांगली की जनरेटर?

मिथेनॉल गरम भट्टीत फुटून एक भाग मोनॉक्साइड आणि दोन भाग हायड्रोजन देतो, त्यात साधारण ४० टक्के नायट्रोजन मिसळला की एंडोगॅससारखंच मिश्रण तयार होतं. एक लिटर मिथेनॉलपासून साधारण १.६ ते १.७ घनमीटर गॅस मिळतो. जनरेटरची देखभाल नाही, लागेल तेव्हा चालू, नको तेव्हा बंद, आणि पर्जिंगसाठी (आतला गॅस किंवा हवा हाकलायला) नायट्रोजन हाताशी असतोच, हे मोठे फायदे.

अट एकच, भट्टी पुरेशी गरम हवी, ८०० अंशांच्या वर, आणि थेंब फॅनच्या झोतात बारीक होऊन पडला पाहिजे. थंड भट्टीत मिथेनॉल नीट फुटत नाही, मग काजळी आणि भलतंच मिश्रण. दिवसाचे चोवीस तास चालणाऱ्या मोठ्या लाइनला जनरेटर बरा वाटतो, थांबत-चालत काम असेल तर मी मिथेनॉलच्या बाजूने आहे.

एक्झोगॅस कुठे वापरतात?

जास्त हवा देऊन गॅस जाळून जो मिळतो तो एक्झोगॅस, स्वतःच्या उष्णतेवर चालतो म्हणून स्वस्त. पण त्यात डायऑक्साइड आणि पाणी बरंच असतं त्यामुळे मध्यम किंवा जास्त कार्बनच्या स्टीलला तो डिकार्ब करणारच. कमी कार्बनच्या पत्र्याचं, तारेचं अ‍ॅनिलिंग, तांब्याने ब्रेझिंग, अशा कामाला ठीक.

स्टेनलेस चकचकीत काढायचं आहे, एंडोगॅस चालेल का?

अजिबात नाही. एंडोगॅसमधला कार्बन स्टेनलेसमध्ये शिरून क्रोमियमला अडकवतो आणि गंज-प्रतिकार जातो, शिवाय एंडोगॅस क्रोमियमच्या दृष्टीने इतका ओला आहे की पृष्ठभाग हिरवट-काळपट होऊन निघतो. लोखंडाचा ऑक्साइड हायड्रोजनने सहज सुटतो, क्रोमियमचा सुटत नाही, त्यासाठी गॅस कोरडा ठणठणीत लागतो.

इथे हायड्रोजन किंवा क्रॅक्ड अमोनिया वापरतात. अमोनिया फोडला की ७५ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के नायट्रोजन. १०५० च्या आसपास ब्राइट अ‍ॅनिलिंग करताना ड्यू पॉइंट उणे ४० किंवा त्याहून खाली हवा, आणि तो भट्टीच्या आत मोजलेला, सिलिंडरच्या तोंडाशी मोजून उपयोग नाही. क्रॅकर नीट चालत नसेल तर न फुटलेला अमोनिया भट्टीत जातो आणि स्टेनलेसचं नकळत नायट्रायडिंग होतं, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन शिरतो. नायट्रोजन शोषला जाणं अजिबात नको असेल तर शुद्ध हायड्रोजन किंवा आर्गॉनकडे वळावं लागतं.

ड्यू पॉइंट, ऑक्सिजन प्रोब, थ्री गॅस अ‍ॅनलायझर, यातलं कुठलं घ्यावं?

तिन्ही एकच गोष्ट वेगवेगळ्या खिडकीतून बघतात. भट्टीत मोनॉक्साइड, डायऑक्साइड, हायड्रोजन आणि वाफ एकमेकांशी समतोलात असतात, त्यामुळे एक कळलं की बाकीचं गणिताने काढता येतं, म्हणजे समतोल खरंच झाला असेल तर.

ड्यू पॉइंट म्हणजे गॅसमधल्या वाफेचं प्रमाण. गार पाण्याच्या ग्लासवर बाहेरून थेंब जमतात ना तसं किती अंशाला दव धरतं ते बघायचं. एंडोगॅसमध्ये ९२५ ला ०.८ सीपी हवा असेल तर ड्यू पॉइंट शून्याच्या जरा खाली लागतो, तोच ०.८ जर ८५० ला हवा असेल तर शून्याच्या काही अंश वर चालतो. म्हणजे ड्यू पॉइंट तोच ठेवून टेंपरेचर उतरवलं तर सीपी वाढतो. कार्बुरायझिंगनंतर ९२५ वरून ८५० वर आणताना सेटिंग न बदलल्याने कितीतरी जॉबवर कडेला कार्बाइडची (कार्बनच्या ठिसूळ संयुगाची) जाळी येते.

ऑक्सिजन प्रोब झिर्कोनियाचा असतो, आत हवा, बाहेर भट्टीचा गॅस, आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकावर मिलिव्होल्ट तयार होतात. कार्बुरायझिंगमध्ये हा आकडा साधारण ११०० च्या वर असतो, म्हणजे भट्टीतल्या ऑक्सिजनचा दाब वातावरणीय दाबाच्या दहाचा उणे विसावा घात अशा पातळीला. इतका बारीक फरक तो काही सेकंदात पकडतो म्हणून कंट्रोलसाठी प्रोबच हवा. पण प्रोबला मोनॉक्साइड किती आहे ते कळत नाही! कंट्रोलर तो २० टक्के आहे असं गृहीत धरतो. प्रोपेनच्या गॅसमध्ये तो २४ च्या जवळ असतो, मग खरं पोटेन्शियल दाखवल्यापेक्षा जास्त असतं.

म्हणून माझं मत असं, कंट्रोलला प्रोब, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला थ्री गॅस. अ‍ॅनलायझर मोनॉक्साइड, डायऑक्साइड आणि मीथेन इन्फ्रारेडने मोजतो, त्यावरून कंट्रोलरमधला मोनॉक्साइड फॅक्टर बरोबर आहे का ते कळतं.

प्रोब ०.८ दाखवतोय आणि जॉब तरी मऊ. आता?

आकड्यावर भांडत बसण्याआधी पत्री घाला. शिम टेस्ट म्हणतात तिला. साधारण ०.१ मिलिमीटर जाडीची कमी कार्बनची पत्री, सॉल्व्हंटने स्वच्छ पुसून, बोटं न लावता, चार दशांश स्थळांच्या काट्यावर वजन करून भट्टीत सोडायची, पातळ असल्यामुळे तासाभराच्या आत आरपार कार्बन भरतो, मग ती हवा न लागता थंड करून परत वजन करायची. समजा १.०००० ग्रॅमची पत्री १.००७६ ग्रॅम झाली आणि मूळ कार्बन ०.०५ टक्के होता, तर जवळपास ०.७५ टक्के वाढला, म्हणजे भट्टी खरंच ०.८ वर आहे. पत्री चमकदार निघाली पाहिजे, काळी किंवा निळी निघाली तर ते वजन धरू नका, त्यात काजळीचं किंवा ऑक्साइडचं वजन मिसळलेलं असतं.

पत्रीचा आकडा प्रोबशी जुळत नसेल तर प्रोबवर काजळी बसली असेल, नाहीतर त्याचा पोर्सिलेन तडकला असेल, नाहीतर रेफरन्स हवेचा पंप बंद पडला असेल. कंट्रोलरमध्ये प्रोबचा बर्नऑफ नियमित लावलाय का ते बघा, थोडी हवा मारून टोकावरची काजळी जाळायची असते. प्रोब हळूहळू म्हातारा होतो, त्याचा इंपीडन्स (विजेला होणारा अडथळा) वाढत जातो, त्याची नोंद ठेवली तर तो जाण्याआधीच कळतं.

पत्री बरोबर आणि जॉब मऊ, तर मग वातावरणाला दोष देऊ नका. क्वेंच ऑइल, ट्रान्सफरला लागलेला वेळ, जॉबची मांडणी, आणि जॉबवर राहिलेला धुण्याचा साबण, यातलं काहीतरी असेल. धुतल्यानंतर वाळलेलं क्षाराचं पुट कार्बन आत जाऊ देत नाही आणि जॉबवर मऊ डाग येतात, हे फार वेळा घडतं आणि फार उशिरा सापडतं.

जॉबचा रंग बघून काही कळतं का?

बरंच कळतं. बोटाने पुसून जाणारं काळं म्हणजे काजळी, पोटेन्शियल जास्त आहे किंवा जॉबवर तेल होतं. न पुसणारं करडं-काळं म्हणजे ऑक्साइड. निळा रंग साधारण ३०० अंशांच्या आसपास येतो, म्हणजे गरम झोन ठीक आहे आणि हवा थंड होण्याच्या भागात लागलीय, लोक मात्र गरम झोनचा गॅस वाढवत बसतात. कूलिंग चेंबरचं दार आणि सील तपासा.

कार्बुरायझिंगला किती वेळ लागतो?

खोली वेळेच्या वर्गमुळाने वाढते. ९२५ अंशांना जुना हॅरिसचा नियम सांगतो की एकूण केस डेप्थ (कार्बन शिरलेल्या थराची खोली) मिलिमीटरमध्ये म्हणजे ०.६३५ गुणिले तासांचं वर्गमूळ. एका तासात ०.६३५, चार तासांत १.२७, आणि त्याच्या दुप्पट म्हणजे २.५४ हवी असेल तर आठ नाही, सोळा तास. ही एकूण खोली झाली, ५५० एचव्ही पर्यंतची इफेक्टिव्ह डेप्थ यापेक्षा कमी येते, ड्रॉइंगवर कुठली मागितलीय ते आधी वाचा.

वेळ वाचवायला सीपी खूप वर ठेवायचा मोह होतो. सुरुवातीला जास्त आणि शेवटी ०.८ च्या आसपास उतरवून डिफ्यूज करणं (कार्बन आत पसरू देणं) ही बरोबर पद्धत, शेवटचा डिफ्यूज खाल्ला तर कडेला कार्बाइड किंवा राहिलेला ऑस्टेनाइट (मार्टेन्साइट न झालेली मऊ रचना) मिळतो आणि ग्राइंडिंगला क्रॅक जातात.

कडेला काळ्या रेषा दिसतात मायक्रोस्कोपखाली, एच न करताच. हा डिकार्ब का?

नाही, हे इंटरग्रॅन्युलर ऑक्सिडेशन. एंडोगॅस लोखंडाला ऑक्साइड करत नाही पण स्टीलमधल्या क्रोमियम, मँगनीज, सिलिकॉनला करतो, कारण त्यांना तेवढा नगण्य ऑक्सिजनही पुरतो. मिलिमीटरभर केससाठी साधारण १० ते २० मायक्रॉन खोली येणं नेहमीचं आहे. तिथले अलॉय बांधले गेल्यामुळे शेजारच्या भागाची हार्डनेबिलिटी (क्वेंचमध्ये कडक होण्याची क्षमता) उतरते आणि मार्टेन्साइटऐवजी मऊ रचना दिसते. गॅस कार्बुरायझिंगमध्ये हे शून्य करता येत नाही, गळती बंद ठेवून आणि वेळ आटोक्यात ठेवून कमी करता येतं. अजिबात नको असेल तर लो प्रेशर कार्बुरायझिंग, तिथे अ‍ॅसिटिलीनसारखा गॅस वापरतात, ऑक्सिजन असलेलं काही आत नसतंच.

नायट्रायडिंगलाही हेच नियम का?

वेगळा खेळ आहे. ५०० ते ५८० अंशांचं टेंपरेचर, कच्चा अमोनिया, क्वेंच नाही, त्यामुळे वाकडेपणा कमी. इथे नायट्रायडिंग पोटेन्शियल बघतात, म्हणजे अमोनियाचा दाब भागिले हायड्रोजनच्या दाबाचा दीड घात. अमोनिया पाण्यात विरघळतो आणि हायड्रोजन-नायट्रोजन विरघळत नाहीत, यावर काचेच्या ब्युरेटची जुनी पद्धत चालते आणि ती आजही खरी आहे.

व्हॅक्यूम फर्नेस घेतली की हे सगळे प्रश्न संपतात का?

बरेच संपतात, डिकार्ब आणि स्केल तर जवळजवळ जातातच. पण जास्त टेंपरेचर आणि खूप कमी दाबाला क्रोमियम पृष्ठभागावरून उडू लागतो, म्हणून थोडा गॅस सोडून दाब राखावा लागतो. आणि जाड साध्या कार्बन स्टीलला गॅस क्वेंचचा वेग पुरत नाही.

छोटी इलेक्ट्रिक मफल (साधी पेटीसारखी भट्टी) आहे, जनरेटर परवडणार नाही. काय करता येईल?

टूल स्टीलचे एखाददुसरे जॉब असतील तर स्टेनलेस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, कडा दोनदा दुमडून, आत हवा कमीत कमी राहील असं. आतला थोडा ऑक्सिजन फॉइलच खाऊन टाकते. हवेत कडक होणाऱ्या ग्रेडना हे उत्तम, तेलात बुडवायचे असतील तर फॉइल काढण्यात वेळ जातो. दुसरा उपाय अँटी-स्केल पेंट, किंवा डब्यात कोळशाची भुकटी किंवा कास्ट आयर्नचा चुरा भरून त्यात जॉब ठेवणं. साध्या मफलमध्ये हायड्रोजन किंवा एलपीजी सोडायचा विचार कृपा करून मनातही आणू नका, तिला सील नाही, पायलट (सतत जळती ज्योत) नाही, पर्जिंग नाही.

नवीन विटा लावल्या, आता भट्टीचं वातावरण धरतच नाही

धरणार नाहीच काही दिवस. विटांमध्ये पाणी असतं आणि ऑक्साइड असतात, ते आधी हळूहळू तापवून सुकवावं लागतं आणि मग गॅस सोडून भट्टी मुरवावी लागते. वीट कमी लोहाची घ्या, विटेतल्या लोहाच्या ऑक्साइडवर मोनॉक्साइड फुटून आतच कार्बन साठतो आणि वीट भुगा होते. निक्रोमच्या कॉइल आणि के टाइप थर्मोकपलही कमी ऑक्सिजनच्या वातावरणात क्रोमियम गमावून खराब होतात, थर्मोकपल तर तुटण्याआधी बराच काळ कमी टेंपरेचर दाखवत राहतो आणि भट्टी खरी जास्त तापत राहते. चांगली बंद ट्यूब आणि वेळेवर बदल, याला पर्याय नाही.

स्फोटाची भीती कितपत खरी आहे?

पूर्ण खरी. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के असला तरी पेटतो, मोनॉक्साइड १२.५ ते ७४ टक्के. ७६० अंशांच्या वर असलेल्या चेंबरमध्ये गॅस शिरल्या शिरल्या हवेशी जळून जातो, साठत नाही, म्हणून ७६० हा आकडा एनएफपीए ८६ या भट्टी-सुरक्षेच्या स्टँडर्डमध्येही आहे आणि प्रत्येक ऑपरेटरला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. त्याखाली गॅस सोडायचा असेल किंवा बंद करायचा असेल तर आधी नायट्रोजनने पर्ज, निदान पाच चेंबर भरतील एवढा, आणि ऑक्सिजन १ टक्क्याच्या खाली आल्याचं मीटरवर बघून मगच पुढे.

सील क्वेंच भट्टीचा (जिच्यात क्वेंचचं तेल आतच असतं) पुढचा व्हेस्टिब्यूल (दारामागची खोली) कायम ७६० च्या खाली असतो, धोका तिथे जास्त. गरम चार्ज तेलात उतरला की तिथला गॅस एकदम थंड होऊन आकसतो, आणि गॅसचा फ्लो कमी असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. दारावरचा पायलट आणि ज्वाळेचा पडदा जळतोय याची खात्री केल्याशिवाय दार उघडायचं नाही. चार्ज अर्धवट अडकला तर आपल्या मनाने दार उघडायचं तर अजिबात नाही, लिहून ठेवलेली पद्धत काढा आणि तीच पाळा. वीज गेली तर नायट्रोजन आपोआप सुटला पाहिजे, त्याचा व्हॉल्व्ह वीज नसताना उघडा राहणारा हवा, आणि टाकीत पूर्ण पर्जला पुरेल इतका साठा कायम हवा.

आणि विषारी गॅसचं?

एंडोगॅसमध्ये २० टक्के मोनॉक्साइड म्हणजे २ लाख पीपीएम. आठ तासांच्या कामासाठी अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेची मर्यादा ५० पीपीएम आहे, आणि १२०० पीपीएम जीवाला तात्काळ धोका मानतात. वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं ही लक्षणं दोघातिघांना एकाच वेळी आली तर आधी सगळे बाहेर, मग शोध. बाहेर येणारा गॅस न जळता शेडमध्ये सुटता कामा नये, आणि अलार्म असलेला मीटर अंगावर हवा, भिंतीवरचा एक पुरत नाही.

नायट्रोजनला निरुपद्रवी समजून लोक बंद भट्टीत डोकं घालतात, त्यात जीव गेलेत. आत शिरायचं असेल तर गॅसच्या लाइन नुसत्या व्हॉल्व्हवर न सोडता ब्लँक करून (पक्कं झाकण लावून), ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर असल्याचं खालून वरपर्यंत मोजून, आणि बाहेर एक माणूस उभा ठेवूनच.